चालता चालता गाडी विझते आणि गॅरेजमध्ये ‘ओके’ निघते, तेव्हा दोष कुठे शोधायचा?

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. लोटे एमआयडीसीकडून चिपळूणला घरी येत होतो. मागे मुलाची अम्मी, तिच्या हातात भाजीची पिशवी, आणि वरून पाऊस. परशुराम घाट उतरायला लागलो आणि गाडीचा मीटर एकदम विझला. हेडलाइट गेला, इंजिन गेलं, आणि दुसऱ्याच क्षणी सगळं परत आलं. चावी लावल्यावर मीटरचा काटा टोकापर्यंत जाऊन परत येतो ना, तसा तो चालत्या गाडीत गेला आणि आला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच झालं. या वेळी इंजिन परत आलंच नाही. मागे टँकर होता.

अल्लाहच्या कृपेने आम्ही सुखरूप कडेला लागलो. पण आठवडाभर आधीच याच तक्रारीसाठी मी गाडी सर्व्हिस सेंटरला दिली होती आणि ‘चेक केलं सर, काही प्रॉब्लेम नाही’ असं ऐकून पैसे भरून घेऊन आलो होतो. आपल्या घराघरांत आज किमान एक दुचाकी आहे. मुलं तिच्यावर कॉलेजला जातात, बायका नोकरीला जातात. म्हणून हा सगळा प्रकार नीट समजावून सांगावासा वाटला. मी मेकॅनिक नाही, शाळेत शिकवतो. पण या एका बिघाडामागे चार महिने घालवले, त्यात जे कळलं ते इथे मांडतो.

गाडी विझली तरी ब्रेक चालू असतात

पहिली गोष्ट त्या क्षणाची, कारण दुरुस्ती नंतरही होते.

इंजिन बंद पडलं तरी ब्रेकला विजेची गरज नसते. डिस्क ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, ड्रम ब्रेक तारेवर किंवा दांडीवर. वीज गेली की एबीएस काम करणार नाही, पण साधा ब्रेक लागतो. फक्त तो एकदम गच्च दाबायचा नाही, ओल्या रस्त्यावर चाक लॉक होईल. क्लच दाबायचा, हँडल सरळ ठेवायचं, दोन्ही ब्रेक हळूहळू लावत डावीकडे यायचं. उतारावर क्लच दाबलेली गाडी वेग पकडते हेही लक्षात ठेवा, तिथे ब्रेक सोडून चालत नाही.

खरा धोका वेगळाच असतो. वीज गेली म्हणजे तुमचा ब्रेक लाइटही गेला, इंडिकेटरही गेला. मागच्या ड्रायव्हरला तुम्ही थांबताय हे दिसतच नाही. त्या दिवशी बायकोने पिशवी पायाशी दाबली आणि हात लांब करून वरखाली हलवत राहिली, म्हणून टँकरवाल्याने वेग कमी केला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आता मी घरातल्या सगळ्यांना शिकवलंय.

आणि एक चूक जी बहुतेक जण करतात: चालत्या गाडीतच चावी बंद-चालू करून बघणं. कृपा करून असं करू नका. घाईत चावी पुढच्या खाचेत गेली आणि हँडल वळलेलं असलं तर ते लॉक होऊ शकतं. गाडी पूर्ण थांबू द्या, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर घ्या, मागे बसलेल्या माणसाला उतरवून गाडीपासून लांब, रस्त्याच्या आतल्या बाजूला उभं करा. मग चावी बंद करून दहा आकडे मोजा आणि परत लावा.

या वेळी कान द्या. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत चावी लावली की सीटखालून किंवा टाकीतून दोन-तीन सेकंद ‘झुंऽऽ’ असा बारीक आवाज येतो. तो पेट्रोल पंपाचा. मीटर लागला पण हा आवाज आला नाही, तर पंप, त्याचा फ्यूज किंवा त्याचा रिले. मीटरच लागला नाही, तर मामला बॅटरीच्या टर्मिनलपासून मेन फ्यूज आणि चावीच्या स्विचपर्यंत कुठेतरी आहे. आणि सगळं ठीक दिसूनही सेल्फ लागत नसेल तर आधी लाल किल स्विच आणि साइड स्टँड बघा. हसू नका, माझ्या एका सहकाऱ्याने किल स्विच बंद असताना गाडी दोन किलोमीटर ढकलली आहे.

आधीच्या गाड्यांना हे का होत नव्हतं?

अब्बांची जुनी गाडी बॅटरी मेली तरी किक मारून चालायची. तिच्यात पेट्रोल आपल्या वजनाने कार्बोरेटरमध्ये उतरायचं आणि ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिन स्वतःच तयार करायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि जवळपास सगळ्या दुचाकींमध्ये इंजेक्शन आलं. आता पेट्रोल विजेच्या पंपाने ढकललं जातं. किती पेट्रोल, कधी ठिणगी, हे एक छोटा संगणक ठरवतो. मेकॅनिक त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. हा संगणक इंजिनचं तापमान, हवा, चाकाचा किंवा क्रँकचा वेग असं बरंच काही सेन्सरकडून विचारत असतो. त्यात हेडलाइटही २०१७ पासून इंजिनबरोबर कायम चालू. म्हणजे विजेवरचा भार वाढला आणि वीज क्षणभर कमी पडली तरी इंजिन थांबायला लागलं.

घरातला टीव्ही व्होल्टेज पडल्यावर बंद होऊन परत सुरू होतो, तसाच हा संगणक बंद होऊन परत सुरू होतो. मीटरचा काटा टोकापर्यंत गेला होता तो याचाच पुरावा होता. मीटरला वाटलं, आत्ताच चावी लावली. ही खूण मी सर्व्हिस सेंटरमध्ये तीनदा सांगितली. कोणी लिहून घेतली नाही.

त्यांनी काय केलं तर बॅटरी बदलली. मग स्पार्क प्लग आणि त्याची कॅप बदलली. तिसऱ्या खेपेला सांगितलं की ईसीएम गेलाय, नवीन मागवावा लागेल. जी रक्कम सांगितली ती ऐकून मी गाडी उचलून घरी आणली. तो संगणक बाद झाला असता तर गाडी दोन सेकंदांनी आपोआप शहाणी कशी झाली असती, हा प्रश्न मला सुटत नव्हता. संगणक खराब होत नाही असं नाही, पण येतो-जातो असा दोष बहुधा सांध्याचा असतो, हे मला नंतर कळलं.

चाचांचा मीटर

बहादूरशेख नाक्याच्या बाजूला रिक्षा-ट्रकचं वायरिंग करणारे एक वयस्कर चाचा आहेत. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी विचारलं, ‘मास्तर, कधी होतं? उन्हात की पावसात? हँडल फिरवल्यावर की खड्ड्यात? हॉर्न मारताना?’ मला एकाचंही नीट उत्तर देता आलं नाही. मुलांना प्रयोगवहीत निरीक्षणं लिहा म्हणून ओरडणारा मी, माझ्याच गाडीची चार निरीक्षणं माझ्याकडे नव्हती. त्यांनी दहा दिवसांनी यायला सांगितलं.

दहा दिवस खिशात छोटी वही ठेवली. दिवस, वेळ, पाऊस की ऊन, वेग, काय चालू होतं, काय बंद पडलं. नऊ वेळा बिघाड झाला, त्यातले सात खड्ड्यात किंवा गतिरोधकावर, आणि त्या सातपैकी पाच वेळा मी ब्रेक दाबलेला होता. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दोष का सापडत नव्हता ते वहीतच दिसत होतं. तिथे खड्डा नव्हता.

चाचांनी साधा, काही शे रुपयांत मिळणारा मल्टीमीटर काढला. आधी बॅटरी मोजली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली, १२ च्या खाली म्हणजे चार्ज करा आणि मग बघा. माझी १२.७ होती, नवीच होती. मग इंजिन चालू करून थोडी रेस दिली, १४.२ आली. साडेतेरा ते पावणेपंधराच्या मध्ये असेल तर चार्जिंग ठीक. रेस देऊनही १३ च्या खाली राहिली तर रेग्युलेटर किंवा आतली कॉइल बघायची. १५ च्या वर गेली तर रेग्युलेटर गेला, आणि तो बॅटरी, बल्ब, संगणक सगळं जाळू शकतो. तशी गाडी चालवूच नये.

इथपर्यंत सर्व्हिस सेंटरनेही केलं होतं. पुढचं त्यांनी केलं नव्हतं. चाचांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला ठेवली आणि दुसरी हेडलाइटच्या मागच्या कपलरमधल्या अर्थच्या वायरला. दोन्ही टोकं मायनसच, म्हणजे मीटरने शून्याच्या जवळ काहीतरी दाखवायला हवं. हेडलाइट लागलेला असताना तो दीड व्होल्टच्या वर दाखवत होता. मला ब्रेक दाबायला आणि हॉर्न मारायला सांगितलं. आकडा वाढला. मग त्यांनी टाकीखालच्या वायरच्या जुडग्याला बोटाने धक्का दिला आणि मीटर विझला, अगदी घाटात विझला होता तसा.

टाकी उतरवली. चासीवर जिथे अर्थची वायर बोल्टने आवळलेली असते तिथे पितळी भांड्याला चिंच लागून राहिल्यावर चढतो तसला हिरवा थर, त्याखाली गंज. बोल्ट हाताने फिरत होता.

हे असं का होतं, ते आठवीच्या मुलालाही समजेल. वीज प्लसकडून जाते तशीच मायनसकडून परत यावी लागते. परतीच्या वाटेवर गंजामुळे समजा अर्धा ओहम अडथळा तयार झाला. गाडी नुसती चावी लावून उभी असेल, हेडलाइट लागलेला नसेल आणि एखादा अँपिअर वाहत असेल, तर त्या सांध्यात अर्धा व्होल्ट खर्च होतो. मीटर लागतो, दिवे लागतात, सगळं ‘ओके’. पण हेडलाइट, पंप, कॉइल, ब्रेक लाइट, हॉर्न सगळे एकत्र चालू झाले आणि दहा अँपिअर वाहू लागले की त्याच सांध्यात पाच व्होल्ट खर्च होतात. बॅटरी चौदा देत असली तरी संगणकाला नऊच मिळतात. त्यात खड्ड्याने अडथळा क्षणभर आणखी वाढला की संगणक विझतो. बॅटरी निर्दोष, संगणक निर्दोष. दोघांच्या मध्ये एक गंजका बोल्ट. म्हणून व्होल्टेज नुसतं उभ्या गाडीवर मोजून काही कळत नाही, भार टाकून आणि वायर हलवूनच मोजावं लागतं.

बोल्ट काढला, वायरचं टोक कापून नवीन डोळा लावला, चासी सँडपेपरने घासून चकचकीत केली, आवळून वरून ग्रीस लावलं. चाचांनी घेतलेले पैसे बॅटरीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाइतकेही नव्हते. त्यानंतर आजपर्यंत गाडी एकदाही विझली नाही.

वहीतली खूण कुठे बोट दाखवते

प्रत्येकाचा दोष अर्थचाच असेल असं नाही. पण बिघाड कधी होतो यावरून निम्मं काम होतं.

मीटर, दिवे, इंजिन सगळं एकाच वेळी जात असेल तर सगळ्यांची सामायिक वाट बघा: बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूजचा होल्डर, चावीचा स्विच, अर्थ. चावीला जड जुडगा लटकवायची सवय असेल तर ती आजच सोडा, स्विचच्या आतले पॉइंट झिजतात. हँडल एका बाजूला पूर्ण वळवल्यावरच बिघाड होत असेल तर हँडलच्या गळ्याशी वळणारी वायर आतून तुटलेली असते. वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं म्हणून ती पटकन सापडत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल हळूहळू दोन्हीकडे वळवून बघा.

मीटर जिवंत आणि फक्त इंजिन जातंय, तेही गाडी तापल्यावर, आणि वीस मिनिटं थंड झाली की पुन्हा सुरू होतंय, तर क्रँकच्या सेन्सरवर किंवा पेट्रोल पंपावर संशय घ्या. खड्ड्यात फक्त इंजिन जात असेल तर साइड स्टँडचा स्विच. त्याच्यावर चिखल सगळ्यात जास्त उडतो आणि स्टँड खाली आहे असं त्याला वाटलं की तो इंजिन तोडतो. रेस कमी-जास्त केल्यावर दिवे मंद-तेज होत असतील तर चार्जिंगकडे जा.

फक्त एबीएसचा दिवा लागून राहिला तर चाकाजवळचा सेन्सर आणि त्याची भोकाभोकांची रिंग स्वच्छ करा. पंक्चर काढताना चाक उलटसुलट बसवलं गेलं तरी हा दिवा लागतो. तोवर एबीएस नाही असं धरून चालवा.

इंजिनचा पिवळा दिवा लागला तर संगणकाने आत एक कोड नोंदवलेला असतो. तो स्कॅनरने वाचता येतो, काही गाड्यांत तो दिवाच ठरावीक वेळा लुकलुकून सांगतो. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. वर्गात एखादा मुलगा ‘सर, दिसत नाही’ म्हणाला तर दोष त्याच्या डोळ्यांचा की फळ्यावर पडलेल्या उन्हाचा, हे उठून बघावं लागतं. सेन्सरचा कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका, आधी त्याचा कपलर उघडून बघा. माझ्या गाडीत पी-०५६२ हा कोड साठलेला होता. त्याचा अर्थ व्होल्टेज कमी. तो दिसला असेल तर त्यावरूनच त्यांनी बॅटरी बदलली असावी.

आपणच लावलेली भानगड

आता थोडं आपल्या पोरांविषयी. जादा एलईडी, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर, रिमोट लॉक. हे लावणारा बहुतेक वेळा मूळ वायरचं प्लास्टिक सोलून, पिळून, वर टेप मारून देतो. कोकणच्या पावसाचे चार महिने त्या पिळात पाणी झिरपतं आणि वर्षभरात माझ्या बोल्टसारखी अवस्था होते. लावायचंच असेल तर थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूज आणि रिले घेऊन लावा. बिघाड शोधताना पहिलं काम हे की अशा सगळ्या वस्तू काढून दोन दिवस गाडी चालवून बघायची.

फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावू नका. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी वायर घासून चासीला लागतेय. फ्यूज उडला नाही तर ती वायर तापेल, आणि तिच्या वरच पेट्रोलची टाकी आहे. तसंच इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग चेक’ करणारा मेकॅनिक अजूनही भेटतो. त्या एका झटक्यात संगणक जळू शकतो. त्याला थांबवा.

धुताना प्रेशरचा पाइप मीटर, स्विच आणि सीटखाली मारू देऊ नका. आणि गाडी अंगणात महिनाभर उभी राहणार असेल तर उंदीर बघा. मुंबईला किंवा आखातात नोकरीला असलेल्या भावांच्या गाड्या गावी अशाच मरतात.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र स्वतः वायर कापू नका, तेच कारण पुढे करून वॉरंटी नाकारली जाते. दर वेळी जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ असं लिहिलेलं कार्ड पुढे काही कामाचं नाही. ‘चालताना मीटर व इंजिन बंद पडते, तारीख अमुक, तिसरी वेळ’ असं हवं. शक्य असेल तर मोबाइलवर बिघाडाचा व्हिडिओ, पण तो मागे बसलेल्याने काढायचा. तरीही दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिलं आणि जॉब कार्ड जपून ठेवा, तिथे तीच बोलतात.

पुराचं पाणी

माझ्या गाडीचा बोल्ट गंजला कसा, हे शेवटी चाचांनीच विचारलं. ‘एकवीसच्या पुरात होती का?’ होती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. नंतर इंजिन उघडून ऑइल बदललं, वायरिंग मात्र ब्लोअरने सुकवून परत बसवलं. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली म्हणून आम्ही खूश. गाळ आत बसून दोन वर्षं आपलं काम करत होता.

पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी लावू नये, सेल्फ तर मारूच नये. आधी बॅटरी काढायची, विमा कंपनीला कळवायचं, फोटो काढायचे, आणि दुरुस्ती करताना प्रत्येक कपलर उघडून साफ करून घ्यायचा. पुराच्या गाड्या पुढे रंगरंगोटी करून लांबच्या गावात विकल्या जातात, आणि घेणारा बहुधा पहिली गाडी घेणारा पोरगा असतो.

मागच्या महिन्यात भाचा असाच एक ‘फार कमी चाललेली’ गाडी बघून आला. किंमत चांगली होती, रंग झगमगत होता. मी आणि तो पुन्हा गेलो. हेडलाइटचे दोन स्क्रू काढून आतला कपलर उघडला. पिनांवर हिरवा थर होता आणि खालच्या कोपऱ्यात सुकलेला बारीक पिवळा गाळ. मालकाला दाखवला. तो म्हणाला, ‘धूळ असेल, मास्तर.’ भाच्याने तो गाळ बोटाने चोळून बघितला, स्क्रू परत बसवले आणि आम्ही एसटीने घरी आलो.